पिठलं येतं ना? मग जपानी करीही येईल

मागच्या मे महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या फोनवर निरोप आला: करीचं तापमान उणे १२७ अंश सेल्सिअस. इंदूरला त्या दिवशी पारा चाळिशीच्या वर होता, पंखा गरम हवा फेकत होता, आणि आमच्या रामबागेतल्या स्वयंपाकघरात एक पातेलं अंटार्क्टिकापेक्षाही गार पडलं होतं. धावत जाऊन पाहिलं तर मांजराने सेन्सरची तार ओढलेली. डीएस१८बी२० नावाचा हा सेन्सर सुटला, की त्याचा प्रोग्रॅम उणे १२७ हा ठरलेला आकडा दाखवतो. नवशिक्याला हे कोणी सांगत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

ज्यांच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न आहे, ज्यांनी ॲनिमेत वाफाळत्या करीची ताटली दहादा पाहिली आहे, पण गॅससमोर उभं राहिलं की चहापलीकडे हात जात नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीही त्यातलाच. गेल्या दीड वर्षात साधारण तीस वेळा ही करी केली. त्यातल्या आठ-नऊ सांडल्या, करपल्या किंवा शेजारच्या काकूंनी "छान आहे हो" म्हणत ताटात तशाच ठेवल्या. सगळ्यांत महागाचा धडा हा मिळाला, की यंत्र कुठे लावायचं आणि कुठे नाही हे आधी ठरवावं. माझं सुरुवातीला नेमकं उलटं झालं होतं. पीठ भाजताना थर्मामीटर धरून बसायचो आणि रात्रभर पातेलं ओट्यावर उघडं सोडायचो.

आधी डोक्यातून रस्सा काढा

जपानी करी म्हटलं की आपल्याला वाटतं, मसाला आपलाच, मग अवघड काय? तिथेच फसतं. हा रस्सा नाही, आमटी नाही, कोर्मा तर नाहीच. पहिल्यांदा केली तेव्हा आईने डाव फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हे तर पिठलंच झालं की!" मी हिरमुसलो होतो, पण तिचं निदान अचूक होतं. या करीचा दाटपणा खोबरं, कांद्याचं वाटण किंवा दाण्याच्या कुटातून येत नाही. तो चरबीत भाजलेल्या पिठातून येतो. आपल्याकडे पिठल्याचे दोन प्रकार आहेत: पाण्यात बेसन कालवून केलेलं आणि उकळत्या पाण्यात पीठ पेरून केलेलं. जपानी करी ही तिसरी तऱ्हा समजा, पीठ तुपात भाजून मग पाण्यात सोडायचं. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

हे पीठ तिथे पोचलं कसं, त्याची गोष्ट थोडक्यात. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जपानने पाश्चात्त्यांसाठी दारं उघडली आणि करी तिथे इंग्रजांच्या हातून गेली. इंग्रजांनी ती आपल्याकडून नेली होती, पण बाटलीतली करी पावडर आणि मैद्याचा दाट सॉस असं तिचं रूप करून टाकलं होतं. १८७२ मध्ये जपानी भाषेत छापलेल्या पाश्चात्त्य स्वयंपाकाच्या पुस्तकांत करीच्या कृती सापडतात, १९०८च्या नौदलाच्या स्वयंपाकाच्या पुस्तकातही आहे. आजही जपानच्या सागरी दलाच्या जहाजांवर शुक्रवारी करीच असते. समुद्रावर वार विसरायला होतो, करी आली की शुक्रवार. आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी दिसली की एकादशी, तसंच काहीसं.

मधल्या टप्प्यावर एक आपला माणूसही आहे. रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांना चुकवून जपानला पोचले, तोक्योच्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी त्यांना लपवलं, पुढे त्याच घरातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. १९२७ मध्ये त्या दुकानात अस्सल भारतीय पद्धतीची करी मिळू लागली ती बोसांमुळे. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी एक भारतीय जपान्यांना सांगत होता की ही पिठाची करी खरी नव्हे, आणि आज मी इंदुरात बसून तीच पिठाची करी जमवायला धडपडतोय. बोसांनी माफ करावं.

आज दुकानात दिसतात त्या चॉकलेटच्या वडीसारख्या करीच्या वड्या १९५०च्या दशकात आल्या. सफरचंद आणि मध घातलेली मुलांसाठीची गोडसर वडी १९६३ची. पहिल्या एक-दोन वेळा वडी वापरून करायलाही हरकत नाही, चव कशी लागायला हवी ते तरी जिभेला कळतं. फक्त शाकाहारी असाल तर डबा वाचा. इथे रीतसर आयात झालेल्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. पण पुण्याचा भाचा तोक्योहून येताना घेऊन आला असेल, तर फोनचा कॅमेरा लावून भाषांतर करून घ्या. 'ग्यूशी' म्हणजे गायीची चरबी, 'तोंशी' म्हणजे डुकराची. बऱ्याच जपानी वड्यांत दोन्ही असतात. आमच्याकडे एक डबा असाच आला होता आणि आईने तो चिमट्याने उचलून बाहेर ठेवला.

काय आणायचं

चार माणसांसाठी: तीन मध्यम कांदे, दोन गाजरं, दोन-तीन बटाटे, एक टोमॅटो, अर्धं सफरचंद, आल्याचा पेराएवढा तुकडा, चार लसूण पाकळ्या. मैदा ५० ग्रॅम, लोणी किंवा तूप ५० ग्रॅम, करी पावडर दोन मोठे चमचे, सोया सॉस एक मोठा चमचा, मध एक लहान चमचा, मीठ. पाणी ८०० मिली. मैदा आणि तूप वजन करूनच घ्या. वाटी-चमच्याचं माप इथे धोका देतं, कारण दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत बराच फरक पडतो.

बटाट्याबद्दल एक शब्द. माळव्याचा बटाटा चिप्ससाठी नावाजलेला, कोरडा आणि पिठूळ. करीत तो लवकर विरघळतो. जपानातही हाच वाद आहे: 'दान्शाकू' जातीचा बटाटा करीत फुटतो, 'मे क्वीन' टिकतो. आपल्या हातात एवढंच, की फोडी मोठ्या करायच्या आणि थोड्या उशिरा घालायच्या.

मसाल्यासाठी इंदूरच्या सियागंज बाजारात जा. तिथे अर्धा पाव मेथी मागितली तर दुकानदार तुमच्याकडे दयेने बघतो, पण सुटा माल ताजा मिळतो आणि चक्रफूल, जायफळ, तमालपत्र सगळं एकाच गल्लीत होतं.

पायरी १: करी पावडर

घरात गोडा मसाला आहे, तोच घालू, असं मनात येईल. घालू नका. दगडफूल आणि खोबरं आलं की करी तिथेच मराठी होते, मी दोनदा करून पाहिलंय. गरम मसाला तर त्याहून वाईट, सगळ्यावर लवंगच बसते.

जपानी करी पावडरमध्ये हळद, धणे, मेथी, जिरं पुढे असतात आणि त्यांच्यामागे एक मजेदार गोष्ट असते: संत्र्याची साल. शिवाय थाइम आणि सेजसारखी पाश्चात्त्य पानंही, ती इंग्रजांची आठवण. हिवाळ्यात नागपुरी संत्री येतात तेव्हा सालं आतला पांढरा भाग खरवडून सावलीत वाळवून ठेवा.

माझं सध्याचं प्रमाण, भागांत: धणे ४, हळद ३, जिरं २, मेथी १, बडीशेप १, मिरी १, सुंठ १, संत्र्याची साल १, तिखट अर्धा, दालचिनी अर्धा. वर दोन लवंगा, दोन वेलच्या, चक्रफुलाच्या दोन पाकळ्या, एक तमालपत्र, जायफळ किसणीवर दोनदा फिरवून. थाइम मिळाला तर चिमूटभर, नाहीतर चिमूटभर ओवा. ओव्यात आणि थाइममध्ये थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असतं, त्यामुळे ही जुळवाजुळव वाटते तितकी गावठी नाही.

धणे-जिरं मंद आचेवर फक्त कोमट होऊन वास सुटेपर्यंत परतायचं, काळं करायचं नाही. दळून चाळून बरणीत भरा आणि आठ-दहा दिवस विसरून जा. ताज्या पावडरीत प्रत्येक मसाला वेगवेगळा ओरडतो, मुरली की एकच आवाज येतो.

पायरी २: कांदा

पातळ उभा चिरा, दोन चमचे तेलात चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर परता. अर्धा तास लागतो. कांद्यातलं पाणी उडाल्याशिवाय तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंग-चव देणाऱ्या क्रिया त्याच्या बऱ्याच वर जोर धरतात. घाई असेल तर चिमूटभर खायचा सोडा घाला, रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो. करीत तो विरघळणारच असतो, म्हणून इथे चालतं. बुडाला चिकटू लागलं की चमचाभर पाणी शिंपडून खरवडायचं, असं चार-पाच वेळा. इथे थर्मामीटरची काहीच गरज नाही. विटकरी रंग दिसला की झालं.

पायरी ३: पीठ भाजणं

इथे घाई करू नका, सगळी करी याच्यावर उभी आहे.

जाड बुडाची कढई, सगळ्यांत लहान शेगडी. तूप वितळलं की मैदा घाला आणि लाकडी उलथन्याने हलवत राहा. सुरुवातीला घट्ट गोळा होतो, मग सैल पडतो, बुडबुडे येतात, मग कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास येतो. पुढे आणखी पाच-सहा मिनिटांनी बेसनाच्या लाडवाच्या वेळी घरभर पसरतो त्याच्या जवळचा, खमंग वास येतो. एकूण बारा ते पंधरा मिनिटं. ज्याने आईला दिवाळीत बेसन भाजताना पाहिलंय त्याला हा क्षण ओळखता येतो. मी पहिल्या पाच वेळा इथे इन्फ्रारेड थर्मामीटर लावला होता. तो चमकत्या तुपावर एक आकडा दाखवायचा, कढईच्या कडेला दुसरा, आणि मी आकड्यांकडे बघत असताना पीठ करपायचं. नाक जास्त खरं सांगतं.

तूप का लागतं? मैद्याचे कण तुपाने वेगवेगळे झाकले जातात. नुसतं कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं, तर बाहेरचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांना फुगून चिकट आवरण करतो, आत कोरडं पीठ अडकतं, तीच गुठळी. पेरलेलं पिठलं करणाऱ्या बायका एका हाताने पीठ भुरभुरवत दुसऱ्या हाताने घोटतात ते त्यासाठीच. तुपातल्या पिठाला ही कसरत लागत नाही.

आणखी एक: जितकं जास्त भाजाल तितकी चव खोल आणि दाटपणा कमी, कारण भाजताना स्टार्चच्या लांब साखळ्या तुटतात. गडद आवडत असेल तर मैदा दहा ग्रॅम वाढवा.

गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग करी पावडर घाला. हळद आणि मेथी गरम तुपात पटकन जळतात, आणि जळलेल्या मेथीचा कडूपणा कशानेच जात नाही, साखरेनेही नाही. कढईच्या उरलेल्या उष्णतेवर मसाला फुलू द्या.

हे मिश्रण थंड करून वड्या पाडता येतात, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतात. सुदामानगरच्या एका मित्राने त्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर साचा छापला, त्यावर आवडत्या रोबोची आकृतीही. "भिया, फर्स्ट क्लास निघेल," म्हणाला. गरम मिश्रण ओतलं आणि रोबो गुडघ्यात वाकला. प्रिंटरचं नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. शिवाय छापलेल्या थरांच्या फटींत तूप अडकतं आणि धुऊन निघत नाही. सिलिकॉनचा बर्फाचा ट्रे घ्या.

पायरी ४: एकत्र आणणं, आणि उष्ट्याचं शास्त्र

कांद्यात आलं-लसूण, किसलेलं सफरचंद, चिरलेला टोमॅटो घालून पाच मिनिटं परता. गाजरं आणि पाणी घाला, दहा मिनिटांनी बटाटे, मीठ, सोया सॉस. मांसाचा रस्सा नसेल तर चव पोकळ लागते अशी तक्रार असते. सुक्या मशरूमचे दोन-तीन तुकडे भिजवून पाण्यासकट घाला. टोमॅटो आणि सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतं (ही 'उमामी' चव जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून वेगळी काढली), वाळलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नाही, कितीतरी पटीने वाढते.

मध घालायचा तर आत्ता, पीठ घालायच्या आधी, आणि मग वीस मिनिटं छान उकळू द्या. मधात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. शेवटी वरून घातला तर करी रात्रीत पातळ होते. माझ्या अकराव्या करीचं असंच पाणी झालं आणि मी उगाच मैद्याला दोष देत बसलो.

हेच एन्झाइम आपल्या लाळेत असतं. एक चमचा तोंडात घालून तोच पुन्हा पातेल्यात बुडवला, की काही वेळाने करी सैल पडते. आजी स्वयंपाक चाखताना डावातली आमटी तळहातावर ओतून चाटायची आणि डाव कधी तोंडाला लागू द्यायची नाही. आम्ही तिला सोवळ्याची म्हणून हसायचो. तिला अमायलेज हे नाव माहीत नव्हतं, पण तिचं पिठलं कधी फाटलं नाही.

बटाटा शिजला की गॅस बंद. भाजलेल्या पिठात दोन डाव गरम पाणी घालून फेटा, सैल झालं की पातेल्यात ओता, मग पुन्हा मंद आचेवर दहा मिनिटं, सतत ढवळत. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ राहिली पाहिजे. आता मागे कोणीतरी हिंग-मोहरीची फोडणी घेऊन उभं असेल. प्रेमाने नाही म्हणा.

पायरी ५: भात

बासमती नको, तो सुटा होतो आणि करी खालून निघून जाते. काळीमूंछ आमच्या मध्य प्रदेशाचा अभिमान, पण तोही मोकळाच. पुण्याहून कोणी येत असेल तर इंद्रायणी मागवा, थोडा चिकट, गोडसर, या करीसाठी अगदी योग्य. धुऊन अर्धा तास भिजवून एकास दीड पाणी.

राइस कुकर असेल तर गीक मंडळींना एक गंमत. जपानमध्ये पहिला स्वयंचलित विजेचा राइस कुकर १९५५ मध्ये तोशिबाने बाजारात आणला. आजच्या साध्या कुकरच्या बुडाशी एक चुंबक असतो, जो शंभराच्या जरा वर गेला की चुंबकत्व सोडतो आणि खटका पडतो. पाणी आहे तोवर तापमान शंभरावर अडकतं, पाणी संपलं की वर चढतं, आणि भात झाला हे कुकरला कळतं. ना चिप, ना प्रोग्रॅम. ज्या तापमानाला चुंबकत्व जातं त्याला क्यूरी तापमान म्हणतात. क्यूरीच्या भरवशावर करीचा भात. हा विनोद मी घरात चार वेळा सांगितलाय, आता बंदी आहे.

पायरी ६: खरा सेन्सर इथे

जपानमध्ये दुसऱ्या दिवशीच्या करीचं फार कौतुक. चव मुरते, हे खरंच आहे. पण तिथेच एक जुना शत्रूही बसलेला असतो: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. या जिवाणूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातली दाट करी आतून हळूहळू निवते, आत हवा नसते, आणि ४३ ते ४७ अंशांच्या पट्ट्यात तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. दाट, खोल, झाकलेलं पातेलं म्हणजे त्याच्यासाठी मांडव घातलेलाच. वासाने कळत नाही, चवीने कळत नाही, रंग बदलत नाही. इथे नाक कामाचं नाही, म्हणून इथे यंत्र लावायचं.

अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांत शिजवलेलं अन्न दोन तासांत ५७ वरून २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर यावं असं सांगितलंय. इंदूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं पातेलं २१ वर कधी येणार? खोलीच ३८ ची. मी मोजलं: झाकण लावून तसंच ठेवलेलं पातेलं अडीच तासांनीही पन्नाशीच्या आसपास रेंगाळत होतं. म्हणजे बरोबर नको त्या पट्ट्याच्या दारात. तो आलेख पाहिल्यावर माझी झोप उडाली. त्याआधी वर्षभर आम्ही सकाळी तीच करी खाल्ली होती.

सामान: ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटासा संगणकच), स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० सेन्सर, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, तीन तारा, मोबाइलचा जुना चार्जर. हजाराच्या आत होतं. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. लाल तार ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी पिन ४ ला, आणि रेझिस्टर लाल-पिवळीच्या मध्ये. रेझिस्टर विसरलात की पुन्हा उणे १२७. स्वस्त सेन्सरमध्ये तारांचे रंग वेगळे असू शकतात, त्यामुळे जोडण्याआधी विक्रेत्याचा तक्ता पाहा. आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये वनवायर आणि डॅलस टेम्परेचर या दोन लायब्ररी टाकल्या की त्यांच्यासोबत येणारं उदाहरण जवळजवळ जसंच्या तसं चालतं.

दोन खाचखळगे. बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतो, घरचा राउटर फक्त ५ वर ठेवला असेल तर तासभर डोकं खाजवाल. आणि आकडा नेमका ८५.०० वर अडकला असेल तर आनंदू नका. वीज मिळताच हा सेन्सर मापन करण्याआधी ८५ च दाखवतो. करी ८५ अंशांवर असणं अगदी शक्य असल्यामुळे हा घोटाळा चटकन लक्षात येत नाही.

सेन्सर करीत बुडवू नका. नळी स्टीलची असली तरी तिच्या तोंडाशी लावलेला डिंक आणि तारेवरचं प्लास्टिक अन्नासाठी बनवलेलं नसतं. डब्याच्या बाहेरून, मध्यापर्यंतच्या उंचीवर चिकटपट्टीने घट्ट बांधा, वरून फडका गुंडाळा. आतलं तापमान त्याहून जास्तच असतं, डबा बर्फाच्या पाण्यात असेल तर बरंच जास्त, म्हणून हा आकडा अंदाज समजा. नेमकं हवं तर स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर ठेवा.

मग निववायचं कसं? दूध निववतो तसंच. करी लगेच दोन-तीन बसक्या स्टीलच्या डब्यांत ओता, थर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. मोठ्या परातीत माठातलं पाणी आणि बर्फाचे दोन ट्रे, त्यात डबे, झाकण तिरकं. मधूनमधून स्वच्छ डावाने ढवळा. माझ्याकडे अशाने पाऊण तासात तिशीच्या खाली येतं, पाणी बदललं की आणखी खाली. विशीच्या आसपास आली की फ्रीजमध्ये. बोर्डाला सांगून ठेवलंय, दोन तासांनंतरही आकडा २१ च्या वर असेल तर फोन वाजव. मांजरासाठी परातीवर चाळण.

पायरी ७: भाषेचं मॉडेल

सध्या सगळे एआयला विचारतात, मीही विचारलं. ओलामासारख्या प्रोग्रॅमने लॅपटॉपवरच, नेटशिवाय चालणारं मॉडेल उतरवता येतं. सात अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल, एकेक आकडा चार बिटांत दाबला की साधारण चार जीबी होतं, सोळा जीबी रॅमवर आरामात चालतं. माझ्या मॉडेलने जपानी करीत नारळाचं दूध आणि कढीपत्ता सुचवला. जगभरच्या करींची भेळ त्याच्या डोक्यात झालेली असते. मराठीत विचारलं तर आणखी हळू, कारण देवनागरीचे त्याच्या दृष्टीने फार तुकडे पडतात.

कृतीसाठी ते बिनकामाचं, नोंदींसाठी बरं. मी प्रत्येक वेळी जे केलं ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो: करी १४, मैदा ६०, साल नव्हती, आईचं मत "बरी". दहा-बारा झाल्या की मॉडेलला त्यांचा तक्ता करायला सांगतो आणि मग स्वतः तपासतो, कारण ग्रॅमचे आकडे ते कधीकधी मनाने बदलतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर तक्त्यातून काहीच निघत नाही. संगणक नको असेल तर वहीही चालेल, फक्त तेलाचे डाग पडतात.

सोबत काय

जपानात वर डुकराचं किंवा कोंबडीचं पाव-चुऱ्यात घोळलेलं कटलेट ठेवतात. आपल्याकडे हिवाळ्यात गराडू नावाचा कंद आहे. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत तळून जीरावन मसाला भुरभुरून देतात तोच. वाफवून अर्धा इंच जाड काप करा, मैद्याच्या पातळ पिठात बुडवून ब्रेडक्रम्समध्ये घोळवा आणि तळा. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखं. उन्हाळ्यात सुरणाचे काप, पण आधी चिंचेच्या पाण्यात उकळून, नाहीतर घसा खाजतो.

लाल गोडसर फुकुजिनझुके लोणचं इथे सहज मिळत नाही. मुळा, काकडी आणि कमळकाकडीचे पातळ तुकडे मीठ लावून पिळा, मग सोया सॉस, साखर, व्हिनेगर आणि आल्याच्या काड्यांत तासभर ठेवा. कैरीचं लोणचं चालत नाही, मोहरी सगळ्यावर चढते.

खायची पद्धत: एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला करी, एक चमचा, एक हात मोकळा. तोक्योत जुन्या पुस्तकांच्या जिंबोचो भागात करीची दुकानं दाटीने आहेत, ती एका हातात पुस्तक धरून दुसऱ्याने खाता येतं म्हणून, असं तिथे सांगतात. पलीकडेच अकिहाबारा, युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांच्या टपऱ्यांतून वाढलेला, पुढे संगणक आणि ॲनिमेचा झालेला बाजार. इंदूरचा पुस्तकांचा खजुरी बाजार आणि इलेक्ट्रॉनिक्सचा जेल रोड शेजारी-शेजारी असते तर कसं वाटलं असतं, तसं काहीसं.

दुसऱ्या दिवशी गरम करताना थोडं पाणी घालून, बुडापासून ढवळत, मधोमध रटरट बुडबुडे येईपर्यंत तापवा. मधला भाग ७५ अंशांच्या वर गेला पाहिजे. फ्रीजमधून काढल्यावर ती थिजलेल्या पिठल्यासारखी दिसते, घाबरू नका, सैल होते. आमच्याकडे तेवढ्यात भाऊ मूठभर शेव घेऊन येतो. इंदूरला शेव कशावरही पडते. करी २३ च्या नोंदीत मी तेही लिहून ठेवलंय: बारीक शेव नको, जाडी लवंगाची शेव, खायच्या अगदी आधी. गुण सात.